बंद पडणारा गीझर: खानापुरातल्या एका न्हाणीघराचं प्रकरण

तक्रार नेहमीचीच होती. गॅस गीझर पेटतो, पाच-सात मिनिटं चांगलं गरम पाणी देतो आणि आपोआप विझतो. जरा वेळ थांबलं की परत पेटतो. खानापूर-बेळगाव पट्ट्यात पावसाळा लागला की गीझर दुरुस्तीची अशी कामं माझ्याकडे येतच असतात. हे एक लिहून काढतोय ते एवढ्यासाठी, की या घरातला खरा त्रास गीझर 'दुरुस्त' झाल्यावर सुरू झाला आणि बारावीतली मुलगी न्हाणीत बेशुद्ध पडेपर्यंत गेला. घरच्यांना विचारून लिहितोय. नाव, गल्ली गाळली आहे.

घर आणि न्हाणी

घर जुनं, कौलारू, मागे पडवी आणि परस. परसात जुनी न्हाणी अजून आहे: चुलवणावर तांब्याचा हंडा, वर उघडी कौलं, धूर कौलांच्या फटींतून बाहेर. आजी आजही तिथेच आंघोळ करतात. बाकीच्यांसाठी काही वर्षांपूर्वी आतल्या खोलीला लागून स्लॅबची न्हाणी बांधली. पाच फूट बाय सहा फूट, उंची आठ फूट, फरशी थेट छतापर्यंत. वर काचपट्ट्यांचा एक झरोका. एक्झॉस्ट फॅनसाठी गोल भोक ठेवलं होतं, पण फॅन कधी बसलाच नाही. पाखरांनी घरटं केलं म्हणून त्यावर प्लायवूडचा तुकडा ठोकला. दार प्लॅस्टिकचं, खाली उंबरा, बसतं एकदम घट्ट. आतल्या भिंतीवर मिनिटाला सहा लिटरचा गॅस गीझर, धुराड्याची नळी नसलेला. सिलिंडर पडवीत आणि रबरी नळी भिंतीतून आत.

गॅसच का, असं शहरातली मंडळी विचारतात. जांबोटी-कणकुंबीकडून ढग चढले की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, म्हणजे छतावरचा सोलर जून ते सप्टेंबर नुसता शोभेला. तारांवर झाड पडलं की वीज गेली, मग विजेचा गीझर गार. तेव्हा या भागात गॅस निवडला यात काही चूक नाही.

याच पावसामुळे आणखी एक गोष्ट झाली होती. पश्चिमेची झड झरोक्यातून आत येते, टॉवेल भिजतात, फरशी ओली राहते. म्हणून जूनच्या सुरुवातीला घरमालकांनी, म्हणजे दादांनी, झरोक्यावर बाहेरून निळी ताडपत्री ताणून लाकडी पट्टीने ठोकली. असं खानापूर तालुक्यात घरोघरी करतात. झड थांबली. न्हाणी कोरडी आणि उबदार झाली, म्हणून सगळे खूशही होते.

पहिल्या तीन दुरुस्त्या

गीझर विझायला लागला तो जुलैत. जवळच्या एका कारागिराला बोलावलं. त्याने आधी सेल बदलले. यात वावगं काही नव्हतं. या गीझरात दीड व्होल्टचे दोन मोठे सेल असतात. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने डायफ्राम म्हणजे आतला रबरी पडदा सरकतो, तो एक बारीक स्विच दाबतो, टकटक ठिणगी पडते आणि त्याच सेलच्या जोरावर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. सेल उतरले की व्हॉल्व्ह मिटतो. तेव्हा विझणाऱ्या गीझरात आधी सेल पाहायचे हे बरोबरच.

सेलने भागलं नाही तेव्हा डायफ्राम बदलला आणि पाणी आत येतं तिथली जाळी धुतली. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ, जाळीत गाळ साचतो, धार बारीक होते, स्विच नीट दाबला जात नाही. हेही कारण असू शकतं. पण गीझर विझतच राहिला.

तिसऱ्या खेपेला त्याने आत एक बारीक गोल सेन्सर शोधला, त्याच्या दोन वायरी कापल्या, एकत्र पिळल्या आणि वर काळी टेप गुंडाळली. गीझर चालू झाला तो विझेचना. दादांच्या बायकोने, वहिनींनी, मला नंतर सांगितलं, "आता झकास चालतंय बघा, असंच म्हणाले ओ ते. आम्हालाबी बरंच वाटलं की."

तो सेन्सर म्हणजे उष्णता जास्त झाली की गॅस तोडणारा कटऑफ. बर्नरच्या वर तांब्याच्या नळ्या आणि त्यांना चिकटून पातळ पत्र्यांची दाट जाळी असते. ज्योतीची उष्णता ही जाळी पाण्याला देते. जाळी चोंदली की तापलेले वायू वर निघून जाण्याऐवजी कवचाच्या आतच घुटमळतात, कटऑफ तापतो आणि गॅस बंद करतो. म्हणजे जुलैपासून गीझर विझत होता ते आपलं काम चोख करत होता. घरच्यांना तो बिघाड वाटला, कारागिरालाही वाटला, आणि त्यांनी मिळून नेमका तोच काढून टाकला.

डोकं दुखायला लागलं

पंधरा-वीस दिवसांत घरात डोकेदुखी सुरू झाली. मुलाला आंघोळीनंतर मळमळायचं. वहिनींना गरगरायचं, त्यांनी ते उपासावर ढकललं. दादांना काहीच होत नव्हतं. आजीही ठणठणीत. घर सोडून कॉलेजला किंवा बाजारात गेलं की तासाभरात सगळ्यांना बरं वाटायचं, म्हणून कोणी फार मनावर घेतलं नाही.

मी नंतर आंघोळीचा क्रम विचारला, तेव्हा कोडं अर्धं सुटलं. पहाटे पहिले दादा, दोन बादल्यांत मोकळे. मग वहिनी. मग मुलगा. शेवटी मुलगी, आणि तिचे केस लांब, म्हणजे केस धुवायच्या दिवशी गीझर सर्वांत जास्त वेळ चालणार तिच्याच पाळीला. दोन आंघोळींच्या मध्ये दार उघडं राहायचं ते जेमतेम टॉवेल बदलेपर्यंत. ज्याची पाळी जितकी उशिरा, त्याला त्रास तितका जास्त. आजी परसातल्या न्हाणीत, त्यांना काहीच नाही. पाणी तेच, जेवण तेच, साबण तोच. वेगळी होती ती फक्त हवा.

ऑगस्टमध्ये एका रविवारी मुलगी आत असताना धप्प आवाज आला. हाका मारल्या तर ओ नाही. भावाने खांद्याने दार रेटून कडी तोडली. ती फरशीवर पडलेली, गीझर चालूच. तिला उचलून पडवीत आणलं, तिथे वाऱ्यावर थोड्या वेळात ती शुद्धीवर आली, पण बोलणं तुटक आणि डोकं फुटतंय अशी तक्रार. हातपायही झटकले होते म्हणे.

डॉक्टरांकडे नेलं. बोटाला लावायच्या यंत्राने रक्तातला ऑक्सिजन उत्तम दाखवला. इथे लोक फसतात. हवा कमी पडून गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो, आणि ऑक्सिजन वाहणाऱ्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो चिकटतो. ते साधं यंत्र ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही. दोन्ही त्याला सारखीच लाल दिसतात. या वायूने गुदमरलेल्या माणसाचा आकडाही 98 येऊ शकतो.

डॉक्टरांना शंका आली ती फीटची, आणि ती अनाठायी नव्हती. डोक्यावर गरम पाणी ओतल्याने येणारी फीट हा आजार दक्षिण कर्नाटकात चांगला ओळखीचा आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनाच्या आजारांच्या संस्थेत त्यावर बरंच संशोधन झालं आहे. मुलगी, केसांवरून गरम पाणी, हातपाय झटकणं, सगळं जुळत होतं. बेळगावला पाठवून ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख) काढला, तो व्यवस्थित निघाला. गोळ्या सुरू करायच्या आधी तिथल्या डॉक्टरबाईंनी सहज विचारलं, घरात आणखी कोणाचं डोकं दुखतं का? आणि गीझर गॅसचा की विजेचा?

रक्त तपासून तेव्हा काही हाती लागलं नसतं. साध्या हवेत श्वास घेणाऱ्याच्या रक्तातला कार्बन मोनॉक्साइड चार-पाच तासांत निम्मा होतो, तेवढ्याच वेळात पुन्हा निम्मा. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तासातच निम्मा होतो. बेळगावला पोचेपर्यंत पुरावा श्वासावाटे निघून गेला होता. उरला होता तो न्हाणीच्या भिंतीवर. डॉक्टरबाईंनी गीझर बंद ठेवा आणि कोणाला तरी दाखवा म्हणून सांगितलं, आणि दादांचा मला फोन आला.

काय दिसलं

दादांनी आधीच साबणाचा फेस करून नळीचे सगळे सांधे तपासले होते. "मी सगळं बघितलो मेस्त्री, बुडबुडा एकबी नाही. वास पण येत नाही." खरंच गळती नव्हती. पण ते शोधत होते ते सिलिंडरमधल्या गॅसला. त्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो आणि तो जळताना वासही जळून जातो. जळणाला हवा पुरली नाही की मागे जो कार्बन मोनॉक्साइड उरतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. ऑक्सिजनपेक्षा 200 ते 250 पट घट्ट तो हिमोग्लोबिनला धरतो.

मी झरोका-दार तसंच ठेवून, बाहेरून फक्त आत डोकावत, गीझर थोडा वेळ चालू करायला लावला. समोरच्या काचेतून ज्योत दिसत होती. सुरुवातीला निळी, टोकाला पिवळसर. मग पिवळी जीभ लांबत गेली आणि वरच्या जाळीला चाटायला लागली. मी सोबत नेलेला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म न्हाणीच्या दाराशी ठेवला होता, तो काही मिनिटांतच वाजायला लागला. गॅस तोडला, दार उघडलं, ताडपत्री उपटून काढली.

गार झाल्यावर कवच उतरवलं. तांब्याची जाळी दिसतच नव्हती. पत्र्यांच्या मधल्या फटींत काजळी अशी दाबून बसली होती की बोट लावलं तर मखमलीसारखी मऊ आणि खाली पडायला लागली तर थेट बर्नरवर. बर्नरच्या दोन भोकांत कोळ्याचं जाळं. कवचाच्या आतला रंग वरच्या कडेला करपून तपकिरी झालेला. आणि कोपऱ्यात ती काळी टेप गुंडाळलेली गाठ.

रेग्युलेटर पाहून घेतला, कारण हॉटेलचा जास्त दाबाचा रेग्युलेटर घरी लावणारे महाभागही भेटतात आणि त्यानेही ज्योत अशीच लांबते. इथे घरगुतीच होता, साधारण 30 मिलिबारचा. नळीवरची तारीख मात्र उलटून गेली होती. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते.

हिशेब

दादा इंजिनिअर नाहीत, पण शेतीचा हिशेब पक्का करणारे. त्यांना पटावं म्हणून मी तिथेच कागदावर मांडलं. सहा लिटरचा गीझर पूर्ण चालला की तासाला सुमारे किलोभर गॅस जाळतो, म्हणजे स्वयंपाकघरातल्या पाच-सहा मोठ्या बर्नरएवढा. एक किलो गॅस नीट जळायला 12 ते 13 घनमीटर हवा लागते. त्यांची न्हाणी सात घनमीटरचीही नाही. दार-झरोका बंद असेल तर त्या खोलीतली सगळी हवा अर्ध्या-पाऊण तासाची. पण एवढी वाट पाहावी लागत नाही. हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो. तो 18 च्या आसपास उतरला की ज्योत बिघडायला लागते. सातवा हिस्सा कमी व्हायला पाच मिनिटं पुष्कळ झाली. दारा-खिडकीच्या फटींतून थोडी हवा येते म्हणून गोष्टी जरा लांबतात, इतकंच.

दादा कागदाकडे बघत म्हणाले, "म्हणजे माझी आंघोळ होईपर्यंत ठीक." तेवढंच.

इथून दुष्टचक्र सुरू होतं. हवा कमी, म्हणून पिवळी ज्योत. पिवळ्या ज्योतीने काजळी. काजळीने जाळी चोंदते, ओढ कमी होते, बर्नरला खालून ताजी हवा ओढली जात नाही, ज्योत आणखी पिवळी. पहिल्या पावसात ताडपत्री लागली, जुलैपर्यंत जाळी कटऑफ तापवण्याइतकी चोंदली, कटऑफ गेला आणि मग अडवणारं कोणी उरलंच नाही. म्हणून केवळ ताडपत्री काढून भागलं नसतं. दार उघडं ठेवून मी गीझर पुन्हा लावून पाहिला तरी ज्योत पिवळीच राहिली. आणि केवळ जाळी धुऊन ताडपत्री तशीच ठेवली असती तर पुढच्या महिन्यात पुन्हा हेच.

आजी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "आमच्या न्हाणीत धूर झाला की डोळ्यांना पाणी यायचं, माणूस उठून बाहेर यायचं बाबा." मला यावर बोलायला काही सुचलं नाही. चुलवणाच्या धुरातही हाच वायू असतो, पण कौलं उघडी आणि धूर दिसणारा.

थंड देशांत घर उबदार ठेवायला तळघरात गॅसची भट्टी असते, तिला तिकडे फर्नेस म्हणतात. तिचे आजारही याच घराण्यातले: चोंदलेला फिल्टर, मळलेला बर्नर, उष्णता देणाऱ्या भागाला पडलेला तडा, पक्ष्यांच्या घरट्याने बंद झालेली धुराची नळी. तीही जास्त तापली की स्वतःला बंद करते आणि तिथलेही लोक मशीन सारखं बंद पडतं म्हणूनच तक्रार करतात. फरक हा की तिचा धूर नळीने घराबाहेर सोडलेला असतो आणि थंडीच्या आधी ती दरवर्षी तपासून घ्यायची पद्धत आहे. आपण तशीच छोटी भट्टी बिननळीची घेतो आणि घरातल्या सगळ्यात लहान, सगळ्यात बंद खोलीत टांगतो.

काय केलं

दुरुस्त करून त्याच जागी गीझर लावायला मी नकार दिला. तो मागच्या पडवीत, बाहेरच्या भिंतीवर घेतला. तिथे छप्पर आहे, दोन बाजू उघड्या आहेत. झडीचं पाणी आणि वारा थेट बर्नरवर येऊ नये म्हणून पश्चिमेला पत्र्याचा आडोसा, पण वर-खाली मोकळा. गरम पाणी भिंतीतून सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या) पाइपने न्हाणीत. पाइप जितका लांब तितकं सुरुवातीला गार पाणी वाया जातं, म्हणून जवळातली जवळची भिंत निवडली. गॅसची नळी नवी घेतली, जोड न देता एकसलग.

जाळी सोडवून कोमट साबणपाण्यात भिजवली, मऊ ब्रशने वरून खाली धुतली, वाळवून बसवली. तारेने खरवडायची नाही. पत्रे मुडपतात आणि फट कायमची बंद होते. बर्नर ब्रशने आणि हवेच्या फुंकाऱ्याने साफ केला. जेटमध्ये, म्हणजे गॅस सुटतो त्या बारीक भोकात, टाचणी घालायची सवय बऱ्याच जणांना आहे, भोक मोठं होतं आणि जास्त गॅस सुटून ज्योत पुन्हा पिवळी पडते. कटऑफ नवा, त्याच तापमानाचा, मूळ जागी. प्लायवूड काढून एक्झॉस्ट फॅन बसवला, तो वाफेसाठी. झरोक्यावर ताडपत्रीऐवजी बाहेरून तिरपं पत्र्याचं छत्र, झड अडते आणि हवा चालू राहते.

वहिनींनी फडताळातून गीझरचं सूचनापत्र आणून दाखवलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पहिल्या घडीतच. दुकानातल्या पाटीची भाषा कन्नड, घरातली मराठी आणि पत्र इंग्रजीत बारीक अक्षरांत. हवेशीर जागी लावा हे त्यात होतं.

मुलीला पुन्हा चक्कर आली नाही. डॉक्टरबाईंनी फीटच्या गोळ्या दिल्याच नाहीत. काही दिवस तिला अभ्यासात लक्ष लागत नव्हतं, तेही हळूहळू गेलं. कार्बन मोनॉक्साइडचा जबर मार बसला तर विसरभोळेपणा, चिडचिड आठवड्यांनंतरही उद्भवू शकते, म्हणून त्यांनी नंतर परत दाखवायला सांगितलं होतं आणि घरच्यांनी ते पाळलं.

आता या घराचा गीझर मी मेमध्ये उघडतो, पाऊस लागायच्या आधी. ज्योत अंधारात पाहायची, निळी आणि आखूड आहे का. जाळीतून टॉर्चचा उजेड आरपार दिसतो का. कवच वरच्या कडेला काळवंडलंय का. पेटताना 'धप्' आवाज येतो का. आला तर ठिणगी उशिरा पडतेय आणि तोवर गॅस साचतोय. पाण्याची जाळी, सेलच्या कप्प्यातला गंज, नळीवरची तारीख. फार तर तासाभराचं काम. नवा गीझर घेणाऱ्यांना मी आयएसआय खूण आणि त्यासोबत आयएस 15558 हा या गीझरांच्या भारतीय मानकाचा क्रमांक पाहायला सांगतो, आणि शक्य असेल तर धुराड्याची नळी असलेलाच घ्या म्हणतो. बंद पडणारा गीझर घेऊन कोणी आलं की मी आता पहिला प्रश्न विचारतो तो न्हाणीच्या खिडकीबद्दल. सेल मग.

एक काम मात्र अडलं आहे. याच घराच्या माडीवर दोन भाडेकरू मुलं राहतात, त्यांच्या न्हाणीतही तसलाच गीझर आहे, आतच. तिथे बाहेरची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीवर येते, त्यामुळे गीझर बाहेर काढायला जागा नाही आणि धुराची नळी बाहेर काढायची तर शेजाऱ्याची परवानगी हवी. दादा बोलतायत. तोवर त्या गीझरचा सिलिंडर दादांनी खाली आणून ठेवला आहे आणि मुलं आजींच्या हंड्यातलं पाणी बादलीने वर नेतात.